पाचवीनंतर मिडल स्कूलची निवड: न्यूयॉर्कमध्ये पसंतीयादी कशी लावावी?

पाचवीची पालक

नमस्कार. आमची मुलगी न्यूयॉर्क शहरातल्या एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत पाचवीत शिकते. ही शाळा पाचवीपर्यंतच असल्यामुळे येत्या सप्टेंबरमध्ये तिला सहावीसाठी मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवीची शाळा) जावे लागेल, आणि त्यासाठीची पसंतीयादी डिसेंबरमधली मुदत संपण्याआधी मायस्कूल्स या संकेतस्थळावर भरायची आहे. किंडरगार्टनच्या वेळी हा प्रश्न आमच्यासमोर आलाच नव्हता. घर ज्या शाळेच्या हद्दीत होते तिथे नाव नोंदवले आणि काम झाले. शहराच्या काही भागांत मिडल स्कूललाही अशी हद्द असते, पण आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शहरातल्या आमच्या शाळा-विभागात, ती नाही, त्यामुळे निवडीचा सगळा भार आमच्यावर आला आहे.

आम्ही तीन शाळांवर येऊन थांबलो आहोत. पहिली शाळा घरापासून सबवेने पाऊण तासावर आहे, तिचे राज्य परीक्षांचे निकाल डिस्ट्रिक्टमध्ये सर्वांत वरचे आहेत आणि तिथे प्रवेशासाठी चौथीचे गुण पाहिले जातात. दुसरी शाळा चालत बारा मिनिटांवर आहे, निकाल मध्यम आहेत, प्रवेश लॉटरीने होतो आणि मुलीच्या वर्गातली निम्मी मुले तिथेच जाण्याची शक्यता आहे. तिसरी शाळा सहावी ते बारावी अशी सलग आहे, त्यामुळे तिथे प्रवेश मिळाला तर आठवीत हायस्कूलसाठी पुन्हा हीच धावपळ करावी लागणार नाही, असे काही पालक सांगतात.

माझे तीन प्रश्न आहेत. एक, पहिल्या क्रमांकावर अवघड शाळा लिहिली आणि ती मिळाली नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेतली संधीही कमी होते, असे मला दोन अनुभवी पालकांनी सांगितले. हे खरे आहे का? दोन, परीक्षेच्या निकालांवरून शाळेविषयी नक्की काय कळते? तीन, मुलीला जवळची शाळा हवी आहे, पण तिचे मुख्य कारण तिची मैत्रीण आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या मताला या निर्णयात किती वजन द्यावे? माझे पती आणि मी या विषयावर गेले तीन आठवडे बोलतो आहोत आणि दर वेळी आमचे मत बदलते. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


आकडेमोड

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे देता येते, म्हणून तेवढेच देतो. यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा. अवघड शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकाच्या शाळेतली तुमची संधी कणभरही कमी होत नाही.

याचे कारण जागावाटपाच्या पद्धतीत आहे. संगणक प्रथम प्रत्येक मुलाचा विचार त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाळेत करतो आणि जागा असल्यास ती तात्पुरती राखून ठेवतो. पुढच्या फेरीत त्या शाळेसाठी अधिक प्राधान्य असलेले किंवा लॉटरीत पुढे असलेले दुसरे मूल आले, तर जागा त्याच्याकडे जाते आणि आधीच्या मुलाचा विचार त्याच्या पुढच्या पसंतीच्या शाळेत होतो, तोही अशा रीतीने की जणू ती त्याची पहिलीच पसंती होती. सगळ्या याद्या संपेपर्यंत कोणतीही जागा पक्की होत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी ही कल्पना १९६२ साली मांडली, आणि त्यावर आधारलेली पद्धत न्यूयॉर्कने २००३-०४ च्या हायस्कूल प्रवेशांपासून वापरायला घेतली. त्याआधीच्या वर्षी सुमारे ३०,००० विद्यार्थ्यांना यादीत नसलेली शाळा मिळाली होती. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी ही संख्या सुमारे ३,००० वर आली. ती पद्धत घडवणाऱ्यांपैकी ॲल्विन रॉथ यांना पुढे २०१२ साली शॅप्ली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तुम्हाला ज्यांनी उलटे सांगितले ते पालक मात्र खोटे बोलत नाहीत. ते जुन्या काळाविषयी बोलत आहेत. आपल्या शहरात काही डिस्ट्रिक्टमध्ये मिडल स्कूलला दिसत असे की मुलाने आपल्याला कोणत्या क्रमांकावर लिहिले आहे, आणि काही शाळा पहिल्या क्रमांकावर न लिहिणाऱ्यांना जवळजवळ बाजूलाच सारत असत. हा प्रकार बंद करण्याचे शहराने २०१७ साली जाहीर केले. बॉस्टनमध्येही जुनी पद्धत अशी होती की पहिल्या पसंतीवाल्यांनीच जागा कायमच्या भरून जात. तिथे ती बदलण्याचा निर्णय २००५ साली झाला. त्या काळात डाव रचून यादी लावणाऱ्या माहीतगार कुटुंबांचा फायदा होत असे आणि सरळपणे आवड लिहिणाऱ्यांचा तोटा. आज सरळपणे लिहिणाऱ्याचा तोटा होत नाही, आणि या बदलाचे महत्त्व पालकांपर्यंत अजून पुरेसे पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

लॉटरीविषयी थोडे. प्रत्येक मुलाला एक लांबलचक क्रमांक मिळतो, ज्यात ० ते ९ हे अंक आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे असतात. ० ने सुरू होणारा क्रमांक सर्वांत पुढचा, एफने सुरू होणारा सर्वांत मागचा. पहिल्या स्थानासाठी सोळा शक्यता असल्यामुळे ० ने सुरू होणारा क्रमांक साधारणपणे सोळांतल्या एकाच्या वाट्याला येतो. हाच क्रमांक यादीतल्या सर्व शाळांसाठी वापरला जातो आणि तो मायस्कूल्सवर पाहता येतो. तो पाहून शाळांचा क्रम बदलू नका. क्रमांक मागचा असेल तर यादी लांबवा, एवढाच त्याचा उपयोग आहे. मायस्कूल्सवर प्रत्येक शाळेच्या पानावर मागच्या वर्षी एका जागेसाठी किती अर्ज आले होते हेही दिलेले असते, आणि प्राधान्याचा क्रमही दिलेला असतो. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर कुठे आशा आहे आणि कुठे फारशी नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

वसंतात शाळा जाहीर झाल्यावर, मिळालेल्या शाळेच्या वर तुम्ही लिहिलेल्या शाळांच्या प्रतीक्षायादीत मुलीचे नाव आपोआप जाते. मिळालेली शाळा स्वीकारल्याने प्रतीक्षायादीतले स्थान जात नाही, तेव्हा स्वीकारायला उशीर करू नका.


सहावी ते आठवी गणित

मी सार्वजनिक मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मला बरीच जागा लागेल.

राज्य परीक्षा तिसरी ते आठवीपर्यंत दर वर्षी होतात. एखाद्या मिडल स्कूलमध्ये ८५ टक्के मुले उत्तीर्ण स्तरावर असतील, तर त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मुले सहावीत येताना काय घेऊन आली आणि तीन वर्षांत शाळेने त्यांना काय दिले. चौथीचे गुण पाहून प्रवेश देणाऱ्या शाळेत पहिला भाग मुळातच मोठा असणार. एमआयटीतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने न्यूयॉर्क आणि डेन्व्हर येथील मिडल स्कूलांची आकडेवारी घेऊन हेच तपासले होते. निव्वळ निकालांवर लावलेली शाळांची क्रमवारी विद्यार्थ्यांच्या वंशाशी घट्ट जोडलेली निघाली, तर मुलांच्या प्रगतीवर लावलेल्या क्रमवारीत हा संबंध बराच सैल झाला. न्यूयॉर्कच्याच हायस्कूल निवडींवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की पालक प्रत्यक्षात चांगली शिकवणारी शाळा शोधत नाहीत, तर हुशार मुले जिथे जातात ती शाळा शोधतात. मी शिक्षिका आहे आणि पालकही आहे, म्हणून ही टीका मी स्वतःलाही लागू करते. आपल्याला शिकवणे दिसत नाही, सहाध्यायी दिसतात, म्हणून आपण जे दिसते त्याने मोजतो.

शहराचा शिक्षण विभाग प्रत्येक शाळेची जी गुणवत्ता-माहिती प्रसिद्ध करतो, तिच्यात सारख्या परिस्थितीतल्या मुलांशी तुलना करून शाळेचा परिणाम किती, हे वेगळे दाखवलेले असते. तो आकडा आधी पाहा आणि निकालाची टक्केवारी नंतर. त्याच माहितीत पालक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या वार्षिक सर्वेक्षणातली उत्तरेही असतात. त्यांतली शिक्षकांची उत्तरे मी सर्वांत लक्षपूर्वक वाचते. ज्या शाळेत शिक्षकांचा मुख्याध्यापकांवर विश्वास नाही, तिथे दर जूनमध्ये माणसे सोडून जातात, आणि सहावीतल्या मुलाला आठवीपर्यंत ओळखणारे कोणी उरत नाही.

यापुढचे कागदावर सापडत नाही, ते शाळेत जाऊन विचारावे लागते. मी विचारीन ते असे. सहावीत आलेल्या मुलाला दिवसभरात किती शिक्षक भेटतात, आणि त्यांतल्या कोणा एकाकडे त्या मुलाची जबाबदारी आहे का? प्राथमिक शाळेत एकच शिक्षिका मुलाला दिवसभर पाहते. तिला चेहऱ्यावरून कळते की आज काहीतरी बिनसले आहे. मिडल स्कूलमध्ये मी एका दिवसात शंभराच्या आसपास मुले पाहते. म्हणून चांगल्या शाळा दहा-पंधरा मुलांचा एक छोटा गट एका शिक्षकाकडे सोपवतात, जो आठवड्यातून अनेकदा भेटतो आणि ज्यात अभ्यासापलीकडचे बोलणे होते. असा गट वेळापत्रकात आहे का, हे पाहा. नुसता माहितीपत्रकात असून उपयोग नाही.

मग गणित. आठवीत बीजगणिताचा हायस्कूल स्तरावरचा अभ्यासक्रम दिला जातो का, आणि दिला जात असेल तर तो सर्वांना की निवडक मुलांना? निवडकांना असेल तर निवड कधी होते? सहावीच्या पहिल्या महिन्यातल्या एका चाचणीवर मुलांचे मार्ग वेगळे करणारी शाळा आणि सातवीच्या अखेरपर्यंत दार उघडे ठेवणारी शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलगी गणितात मागे पडली तर शाळेच्या वेळेत काय मदत मिळते, हेही विचारा. ‘आम्ही शिकवणी वर्ग घेतो’ हे उत्तर पुरेसे नाही; कोण घेते, कोणत्या दिवशी आणि मुलाला तिथे कोण पाठवते, इथपर्यंत जा.

वर्गातल्या मुलांची संख्याही विचारा. २०२२ च्या राज्य कायद्याप्रमाणे न्यूयॉर्क शहरात चौथी ते आठवीच्या वर्गात २३ पेक्षा अधिक मुले नसावीत असे ठरले आहे, पण ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, त्यामुळे काही शाळा तिथे पोहोचल्या आहेत आणि काही नाहीत. फोनचा प्रश्न मात्र आता शाळेगणिक फारसा बदलत नाही, कारण २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापासून राज्यभर पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद आहेत. माझ्या वर्गात त्याचा फरक पहिल्या आठवड्यातच जाणवला.

सहावी ते बारावीच्या शाळेविषयी: शाळा बदलणे मुलांना जड जाते, हा अनुभव आकड्यांतही उतरला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, आपल्याच शहराच्या विद्यार्थ्यांवरील एका अभ्यासात मिडल स्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांचे गणित आणि इंग्रजी, आठवीपर्यंत एकाच शाळेत राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत, घसरलेले दिसले, आणि ती घसरण आठवीपर्यंत भरून निघाली नाही. पण तुमची मुलगी आता तसेही शाळा बदलणारच आहे, तेव्हा बारावीपर्यंतच्या शाळेचा फायदा पुढच्या बदलापुरताच आहे. त्या शाळेत आधीपासून असलेल्या मुलांना नववीसाठी प्राधान्य मिळते का, ते तपासा. अकरा वर्षांच्या मुलीसाठी सतरा वर्षांच्या मुलीची शाळा आजच ठरवणे मला धाडसाचे वाटते. तिला आठवीत दुसरे काही हवे झाले तर अर्ज करण्याचा मार्ग खुला असतो, हेही लक्षात ठेवा.

तिसऱ्या प्रश्नावर एकच सांगते. मैत्रीण हे कारण क्षुल्लक नाही, परंतु तीही लॉटरीतच आहे. मुलीला विचारा की मैत्रीण तिथे नसेल तरी ही शाळा आवडेल का, आणि उत्तर देण्याआधी तिला शाळा पुन्हा एकदा दाखवा.


दोन मुलांचा बाबा

वरच्या दोन्ही उत्तरांत जे आले नाही ते लिहितो, कारण मी ते फार उशिरा शिकलो.

आमच्या मोठ्या मुलाला वाचनात अडचण आहे आणि त्याच्यासाठी दुसरीपासून आयईपी, म्हणजे त्याच्या गरजांप्रमाणे लेखी ठरवलेला वैयक्तिक शिक्षण-आराखडा, आहे. पाचवीत असताना आम्ही दूरची, उत्तम निकालांची शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिली आणि ती मिळाली. सप्टेंबरमध्ये कळले की आयईपीमध्ये लिहिलेला, दोन शिक्षकांनी मिळून शिकवण्याचा वर्ग तिथे सहावीत फक्त दोन विषयांसाठी चालतो. मी विचारले तेव्हा एका अधिकाऱ्याने अत्यंत सौम्य शब्दांत सांगितले की ही शाळा सर्वांना मानवतेच असे नाही. त्या वाक्याचा अर्थ मला घरी आल्यावर समजला. मूल शाळेला मानवावे अशी अपेक्षा होती, शाळेने मुलाला सांभाळावे अशी नव्हती. अपंगत्व असलेल्या मुलांना सार्वजनिक शाळेत योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क या देशात १९७५ पासून केंद्रीय कायद्यात आहे, आणि आयईपीमध्ये लिहिलेली सेवा देणे शाळेच्या मर्जीवर सोडलेले नाही. आम्ही पत्रव्यवहार केला, बैठका झाल्या, जानेवारीपर्यंत वर्ग मिळाला, पण तोवर मुलाने स्वतःला मठ्ठ म्हणायला सुरुवात केली होती. ते चार महिने मी त्याला परत देऊ शकत नाही.

म्हणून ज्यांच्या मुलांना अशी गरज आहे त्यांनी शाळा पाहायला जाताना आयईपीचा कागद सोबत न्यावा, कोणत्या विषयाला कोणता वर्ग आहे ते विचारावे आणि उत्तर ईमेलने मागावे. तुमच्या मुलीला अशी गरज नसली तरी हा प्रश्न विचारा. सर्वांत जास्त मदत लागणाऱ्या मुलाशी शाळा कशी वागते, यावरून तुमचे मूल एखाद्या वर्षी अडखळले तर त्याच्याशी कशी वागेल, हे कळते.

आता अंतर. पाऊण तास जाणे आणि पाऊण तास येणे म्हणजे दिवसाचा दीड तास. शाळेचे दिवस वर्षाला १८० धरले तर हे २७० तास होतात. माझा मुलगा सहा वाजून दहा मिनिटांनी उठत असे आणि गुरुवारपर्यंत त्याचा चेहरा उतरलेला असे. शाळेनंतरचे नाटक त्याने सोडले, कारण घरी पोहोचायला साडेसहा वाजत. पिवळ्या बसवर फार विसंबू नका. ती अंतराच्या अटीवर आणि शाळेची बससेवा असेल तरच मिळते, तीही सर्वसाधारणपणे सहावीपर्यंत, आणि सातवीपासून मूल प्रवासाचे ऑम्नी कार्ड घेऊन सबवेने किंवा सार्वजनिक बसने जाते. जाण्याचा रस्ता एकदा सकाळी साडेसातला, मुलीला बरोबर घेऊन, प्रत्यक्ष करून पाहा. शनिवारी दुपारी करून पाहिलेला प्रवास काहीच सांगत नाही.

धाकट्या मुलीच्या वेळी आम्ही चालत जाण्याजोगी शाळा पहिली लिहिली. ती आता सातवीत आहे आणि शाळेतून आल्यावर तिच्याकडे वेळ असतो.


जुनी रहिवासी

वरच्या शिक्षिकाबाईंशी मी बहुतांशी सहमत आहे, पण शाळेत जाऊन पाहण्याच्या सल्ल्याला एक जोड द्यावीशी वाटते. आपण पालक वर्गाबाहेरच्या पाच मिनिटांवरून शाळेची शिस्त ठरवतो. काळी आणि लॅटिनो मुले मोठ्याने बोलत असतील तर तो गोंधळ वाटतो, आणि गोरी किंवा आशियाई मुले तेवढ्याच मोठ्याने बोलत असतील तर तो उत्साह वाटतो. मी स्वतः बारा वर्षांपूर्वी एका शाळेविषयी ‘तिथले वातावरण बरोबर वाटले नाही’ असे म्हणून ती यादीतून काढली होती, आणि काय बरोबर वाटले नाही हे कोणी विचारले असते तर मला प्रामाणिक उत्तर देता आले नसते. ते आजही माझ्या मनाला लागून आहे.

हा प्रश्न शहरात जुना आहे. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी शाळांतल्या वांशिक विभागणीविरुद्ध चार लाखांहून अधिक विद्यार्थी शाळेत गेले नव्हते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१४ साली, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्याच्या शाळा देशात सर्वाधिक विभागलेल्या असल्याचे नोंदवले. निवडीचे स्वातंत्र्य या काळात वाढतच गेले होते, आणि तरीही हे घडले, कारण गुण, हजेरी, मुलाखत अशा अटी असलेल्या मिडल स्कूलमध्ये ती मुले पोहोचत ज्यांच्या पालकांना मंगळवारी सकाळी नऊ वाजता शाळा पाहायला जायला सुट्टी मिळत असे.

ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ ने याबाबतीत जे केले ते सर्वांनी जाणून घ्यावे. पार्क स्लोप आणि कॅरोल गार्डन्ससारख्या सुस्थित वस्त्या आणि सनसेट पार्क व रेड हुक हे भाग एकाच डिस्ट्रिक्टमध्ये असूनही त्यांची मुले वेगवेगळ्या शाळांत जात. पालकांच्या दीर्घ चर्चेनंतर २०१८ साली तिथल्या सगळ्या मिडल स्कूलांच्या प्रवेश-अटी काढल्या गेल्या, लॉटरी आली, आणि प्रत्येक शाळेत ५२ टक्के जागांवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतली, इंग्रजी शिकत असलेली किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारी मुले अग्रक्रमाने घेण्याचे ठरले. २०१९ च्या सहावीपासून हे अमलात आले. सुस्थित कुटुंबे डिस्ट्रिक्ट सोडून जातील अशी भीती त्या वेळी मोठ्याने व्यक्त झाली होती. तसा लोंढा मी तरी पाहिला नाही. पुढे डिसेंबर २०२० मध्ये महामारीमुळे शहरभर मिडल स्कूलच्या अटी स्थगित झाल्या, २०२२ मध्ये त्या परत आणायच्या की नाही हे डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांवर सोडले गेले, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी शाळांत त्या परतल्या. तुमच्या यादीतली दूरची शाळा त्यांपैकी एक दिसते.

मी तुम्हाला अमुक शाळा घ्या असे सांगणार नाही. मूल तुमचे आहे. ‘निकाल मध्यम आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा तिथे निम्म्याहून अधिक मुले कदाचित दोन नोकऱ्या करणाऱ्या घरांतून येत असतील, आणि तिथले शिक्षक त्या मध्यमापर्यंत त्यांना कुठून घेऊन आले असतील, एवढा विचार क्रम ठरवण्याआधी व्हावा असे मात्र वाटते.


पाचवीची पालक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या आठवड्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. बुधवारी सकाळी साडेसातला मुलीला घेऊन दूरच्या शाळेपर्यंत गेलो. एक गाडी चुकली आणि पोहोचायला एक तास चार मिनिटे लागली; परत येताना ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. शुक्रवारी जवळच्या शाळेत पुन्हा गेलो आणि वर सुचवलेले प्रश्न जसेच्या तसे विचारले. बारा मुलांचा गट आठवड्यातून चार दिवस भेटतो आणि तो वेळापत्रकात आहे, हे त्यांनी वेळापत्रक दाखवून सांगितले. दोन वर्षांत किती शिक्षक गेले या प्रश्नावर मुख्याध्यापिका क्षणभर थांबल्या आणि मग ‘चार, त्यांतले दोन निवृत्त’ असे स्पष्ट उत्तर दिले. मुलीला मी मैत्रिणीचा प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘तिथल्या ग्रंथालयात खिडकीत बसता येते.’ ते कारण मला मैत्रिणीइतकेच खरे वाटले.

आमच्या यादीत आता जवळची शाळा पहिली, बारावीपर्यंतची दुसरी आणि दूरची तिसरी आहे. मुलीचा लॉटरी क्रमांक सी अक्षराने सुरू होतो, म्हणून आणखी चार शाळा पाहून यादीत घातल्या. त्यांतल्या दोन आम्हाला आधी माहीतही नव्हत्या. एकच शंका राहिली आहे. जवळच्या शाळेत आठवीचे बीजगणित सर्वांना नाही, सातवीच्या शेवटी निवड होते, असे सांगितले. यासाठी आत्तापासून शाळेबाहेर काही करावे का?


सहावी ते आठवी गणित

आत्ता काहीही करू नका. सातवीच्या शेवटी निवड होणे ही चांगली गोष्ट आहे, कारण शाळेकडे तिचे दोन वर्षांचे काम असेल. सहावीच्या नोव्हेंबरमध्ये शिक्षक-पालक भेटीत दोन प्रश्न विचारा: अपूर्णांक आणि गुणोत्तर तिला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता येते का, आणि अडले की ती हात वर करते का. यांतल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच दिवशी विचारा की शाळेतली मदत कोण देते आणि कोणत्या वारी. निवड नेमक्या कोणत्या निकषांवर होते, हे मात्र आत्ताच लिहून मागा. सातवीत निकष बदलला तर तुमच्या हातात कागद असेल.